जंजिऱ्याच्या तोफा मोजू नका, दारूखाना शोधा

‘कलालबांगडीचा गोळा बारा किलोमीटर जायचा, म्हणून जंजिरा अजिंक्य राहिला.’ सुट्ट्यांचा हंगाम आला की हे वाक्य नव्याने फिरू लागते. राजपुरीहून वा दिघीहून होडीत बसलेल्या पर्यटकाला ते ऐकवले जाते, तो त्याची चित्रफीत करतो आणि ती इतिहास म्हणून हजारो मोबाइलांवर पोहोचते. या धाग्यात मला त्या वाक्याशी भांडायचे आहे. बारा किलोमीटरांशी थोडेसे, ‘म्हणून’ या शब्दाशी पुष्कळ.

बारा किलोमीटरांचा निकाल आधी लावू. त्या काळच्या तोफेची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळा नळीपेक्षा किंचित लहान ठेवावा लागे, नाहीतर तो आत अडकायचा. त्या फटीतून स्फोटाचा जोर निसटे आणि गोळा नळीत आपटत बाहेर पडे. नेम धरून मारायचे, तर अंतर फार तर एखाद्या किलोमीटरचे. शिवाय राजपुरीचा किनारा किल्ल्याच्या अगदी समोर आहे. सिद्दीला बारा किलोमीटरांवर मारण्यासारखे होतेच काय?

आता मुख्य मुद्दा. आपण तोफा मोजतो, त्यांची लांबी मोजतो, त्यांवर हात ठेवून छायाचित्रे काढतो. पण दारूवाचून तोफ म्हणजे लोखंडाचा वा पितळेचा ओंडका. स्वराज्याच्या अठरा कारखान्यांत तोफखाना आणि दारूखाना असे दोन वेगळे कारखाने होते. त्या काळच्या कारभाऱ्यांना जो भेद कळत होता, तो आपल्याला कळेनासा झाला आहे.

दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. यांतला कोळसा तेवढा घरचा. हलक्या काडीचा कोळसा त्यासाठी चांगला, म्हणून तुरीच्या काट्यांनाही मागणी असे. सोऱ्याचे तसे नाही. तो कोरड्या प्रदेशातल्या जुन्या गावठाणांच्या खारट मातीतून काढावा लागतो. कोकणात जे काही मातीत साचेल, ते पावसाळा धुऊन नेतो. सोऱ्याची मोठी बाजारपेठ पाटण्याकडे, आणि तिथला माल डच-इंग्रजांची जहाजे भरभरून नेत. गंधक बहुतांशी समुद्रमार्गे यायचा. बंदुकीच्या गोळीसाठी लागणारे शिसे तर युरोपीय व्यापाऱ्यांच्या विक्रीच्या मालांपैकी एक. म्हणजे राजपुरीच्या मोर्चावर बार उडण्यापूर्वी कोळसा सोडून त्यातल्या प्रत्येक जिनसाने लांबचा प्रवास केलेला असे, आणि त्यातल्या बऱ्याच वाटा परक्यांच्या ताब्यात होत्या.

माल आला तरी काम संपत नाही. सोरा नीट शुद्ध केलेला नसेल, तर त्यात साधे मीठ उरते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. दिघी-मुरूडच्या किनाऱ्यावर चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा. आज्ञापत्रात (१७१५-१६) रामचंद्रपंत अमात्यांनी दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा आणि दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असे सांगितले आहे, ते उगाच नव्हे. ‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग आपण निवडणुकीतल्या भाषणांसाठी वापरतो. ज्याच्या हातात प्रत्यक्ष फुसका बार आला, त्याचा जीव त्यात गेला असेल.

आणि हा व्याप केवळ तोफांचा नाही. तोड्याची बंदूक बाळगणाऱ्या शिपायाची नळी हाताने घडवलेली. दोन नळ्यांचे तोंड एकसारखे असेलच असे नाही. शिसे वितळवून आपल्या नळीच्या मापाच्या साच्यात गोळी पाडायची, नळीत दारू भरायची, ती गजाने ठासायची, कानाशी बारीक रंजक टाकायची. शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेलच, याची खात्री नाही. ‘मराठ्यांकडे इतक्या हजार बंदुका होत्या’ असे लिहिणाऱ्यांनी एकदा तरी विचारावे: गोळ्या किती होत्या, आणि त्या कोणाच्या मापाच्या?

आता जंजिऱ्याच्या वेढ्यांकडे या नजरेने पाहा. १६७१च्या शिमग्याच्या रात्री सिद्दीच्या माणसांनी दंडा-राजपुरी परत घेतली. दोरांवरून ते तटावर चढले, आणि त्या गदारोळात दारूच्या कोठाराला आग लागून ते उडाले. त्याच्या आवाजाने दूर असलेले शिवाजी महाराज दचकून जागे झाले आणि दंडा-राजपुरीवर संकट आल्याचे त्यांनी ओळखले, ही कथा खाफीखानाची. तो नंतरचा लेखक, आणि मराठ्यांचा मित्र तर नव्हेच. कथेतला नाट्यमय भाग बाजूला ठेवायला माझी हरकत नाही. पण किनाऱ्यावरचा तो तळ दारूसकट गमावणे म्हणजे वेढ्याचा कणा मोडणे.

दहा वर्षांनी, १६८१ मध्ये, संभाजी महाराजांच्या काळात कोंडाजी फर्जंद फितुरीचे सोंग घेऊन जंजिऱ्यात शिरले. त्यांचे लक्ष्य कोणते होते? कलालबांगडी नव्हे. दारूचे कोठार उडवायचे होते. बेत उघडकीस आला आणि त्यांना प्राण गमवावे लागले. किल्ल्याचे मर्म कुठे आहे हे कोंडाजींना ठाऊक होते. साडेतीनशे वर्षांनंतरच्या आपल्या चित्रफितींना ते ठाऊक नाही.

जानेवारी १६७५ मधले महाराजांचे पत्र तर सर्वांच्या वाचनात हवे. पद्मदुर्गाच्या कामासाठी पैसा आणि धान्य वेळेवर पोहोचवले नाही, म्हणून प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना त्यात जी खरडपट्टी मिळाली आहे, ती वाचून आजही अंगावर काटा येतो. शत्रूच्या तोफेला नव्हे, आपल्याच रसदेच्या ढिलाईला महाराज दोष देत आहेत.

इथे दुसऱ्या गटाचाही समाचार घ्यायला हवा. ‘स्वराज्यात सगळे इथेच बनत होते’ असे छाती फुगवून सांगणाऱ्यांचा. महाराजांनी फ्रेंचांकडून तोफा आणि शिसे घेतले. इंग्रजांकडेही तोफांची मागणी केली. १६६०ला पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या वखारीला त्याचा हिशेब चुकवावा लागला. टोपीकरांचे बळ आरमार, तोफा आणि दारूगोळ्यात आहे, हे आज्ञापत्रात स्पष्ट नोंदवले आहे. जो हे कबूल करतो तोच त्यावर उपाय शोधतो. परावलंबन लपवण्याचा उद्योग आपला, त्यांचा नव्हे.

उलट बाजूला सिद्दी मुघलांचा नोकर झाला. त्याला सुरतेतून पैसा मिळे, मुघलांच्या आरमाराचा पाठिंबा मिळे, पावसाळ्यात मुंबईच्या इंग्रजांकडे त्याची जहाजे आसरा घेत. समुद्राकडची ही वाट मराठ्यांना कायमची तोडता आली नाही. तट, भरती-ओहोटी आणि सिद्द्यांचे शौर्य यांचे श्रेय मी नाकारत नाही. पण तीन-चार पैलूंच्या या गोष्टीला एका तोफेच्या नावावर खपवणे म्हणजे सिद्द्यांवरही अन्यायच.

पुढच्या खेपेला दिघीहून होडीत बसाल तेव्हा मार्गदर्शकाला एवढेच विचारा, की किल्ल्यात दारू कुठे ठेवत होते. जागा दाखवलीच, तर ती वस्तीपासून किती लांब आहे, भिंत किती जाड आहे, ओल आत येते का, ते पाहा आणि त्याचे छायाचित्र टाका. तोफेची छायाचित्रे आपल्या सर्वांकडे आहेत.