लाजेचे बळी

दिवाळी अंकात खुसखुशीत गोष्ट असावी, व्यंगचित्रे असावीत, वर्षाचे भविष्य असावे, हे मला मान्य आहे. आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांच्या हातून फिरणारा हा अंक. त्यात बाईच्या पिशवीच्या तोंडाला होणाऱ्या कॅन्सरचा आणि त्यावर आतून द्यावयाच्या किरणांचा विषय कोणी काढावा काय? माझे म्हणणे असे की काढावा, आणि याच अंकात काढावा. कारण हा अंक माजघरात जातो आणि हा रोगही माजघरातच लपवला जातो. हे वाचून ज्याला फराळ गोड लागणार नाही, त्याने खुशाल पान उलटावे. पण असल्या विषयावरून पान उलटण्याच्या सवयीनेच माझी वहिनी गेली, एवढे ऐकून मग उलटावे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. थोरल्या वहिनींची पाळी जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि पुन्हा अंगावरून जाऊ लागले. चार महिने त्यांनी कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. शेवटी तपासणी झाली, निदान झाले आणि शहरातल्या एका रुग्णालयात उपचार सुरू झाले. पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज बाहेरून किरणे आणि आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध. गावात आम्ही सांगितले, ‘पोटाचा विकार आहे.’ पाच आठवडे संपत आले तेव्हा रक्त जाणे थांबले होते. मग एके दिवशी खाटेजवळून जाता जाता नर्स म्हणाली, “बाई, सोमवारपासून आतला शेक.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. “भाऊजी, आतला म्हणजे कुठला हो?”

मला ठाऊक होते. मी कागद वाचले होते. खिडकीबाहेर बघत मी म्हणालो, “ते डॉक्टर सांगतील.”

डॉक्टरांनी सांगितले नाही. सांगितले ते पलीकडच्या खाटेवरच्या बाईने, आणि असे सांगितले की रविवारी वहिनी म्हणाल्या, “आता मला बरं वाटतंय. दिवाळी तोंडावर आलीय. घरी जाऊ या.” दादा ‘बरं’ म्हणाला. मी काहीच म्हणालो नाही. दिवाळी झाली, गव्हाची पेरणी झाली, संक्रांत झाली. माघात रक्त पुन्हा सुरू झाले, तोवर रोग पसरला होता. श्रावणात वहिनी गेल्या.

त्यांच्या प्रश्नाचे जे उत्तर तेव्हा द्यायला हवे होते, ते आज देतो. आतला म्हणजे योनिमार्गातून, थेट गर्भाशयाच्या तोंडाशी. ‘शेक’ हा शब्दच मुळी फसवा. तिथे काही तापवीत नाहीत. बाईला भूल देऊन एक बारीक पोकळ नळी गर्भाशयात आणि दोन नळ्या त्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना बसवतात. मूत्राशय आणि गुदाशय लांब राहावेत म्हणून भोवती पट्टीचे बोळे भरतात. मग आतले फोटो काढून कोठे किती किरणे द्यायची याचे गणित मांडतात. एवढे झाले की यंत्रातून एक तार सरकत येते. तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याहूनही बारीक असा इरिडियमचा कण असतो. तो नळ्यांतून आत जातो, ठरल्या ठिकाणी काही सेकंद थांबत थांबत आपले काम करतो आणि परत आपल्या पेटीत जाऊन बसतो. सारा खेळ दहा-वीस मिनिटांचा. तेवढा वेळ बाई खोलीत एकटी असते, पण कॅमेऱ्यातून तिच्यावर नजर असते आणि तिची हाक बाहेर ऐकू येते. मग नळ्या काढतात. तिच्या अंगात किरणे उरत नाहीत. घरी येऊन तिने नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे. असे तीन ते पाच वेळा. एवढेच ते!

कोणी विचारील, बाहेरून पाच आठवडे किरणे दिली, मग आणखी हे कशाला? देवळाला बाहेरून कितीही रोषणाई केली तरी गाभाऱ्यात समईच लावावी लागते. बाहेरची किरणे आतडी आणि मूत्राशय यांतून वाट काढीत जातात, म्हणून त्यांची मात्रा साधारण ४५ ते ५० ग्रेच्या पुढे सगळीकडे नेता येत नाही. रोगाचे मूळ मारायचे तर तिथे ८०-९० ग्रेपर्यंत जावे लागते. ही वरची भर आतला कण घालतो. कारण त्याच्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याचा जोर चौथाईवर येतो. रोगावर पुरता घाव बसतो आणि शेजारच्या अवयवांना झळ कमी लागते. सगळा उपचार आठ आठवड्यांत उरकावा असा दंडक आहे. त्यापुढे जाणारा प्रत्येक दिवस रोगाच्या पदरात पडतो. रक्त थांबले म्हणजे रोग गेला, ही समजूत निखालस खोटी आहे. तिनेच आम्हांला फसवले.

ही विद्या आजकालची नव्हे. १८९८ साली क्युरी दांपत्याने रेडियम शोधले आणि पुढच्या काही वर्षांतच ते या रोगावर वापरले जाऊ लागले. ‘इतक्या जुन्या विद्येला आता नवी यंत्रे आली असतील की!’ असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेचा अनुभव पाहावा. तिथे १९८८ साली या रोगाच्या शंभरातल्या ८३ जणींना आतला उपचार मिळत होता. २००९ साली तो ५८ जणींनाच मिळाला. अभ्यासकांनी सारख्या स्थितीतल्या रुग्णांची तुलना केली. आतला उपचार मिळालेल्या शंभरातल्या ६४ जणी चार वर्षांनी या रोगाच्या हातून वाचलेल्या होत्या. न मिळालेल्यांतल्या जेमतेम ५२. कारण लाजेचे असो, यंत्राच्या मोहाचे असो की दिवाळीचे असो, हा उपचार सोडला की बाईच्या जिवावर बेतते.

“पण आमच्या बायकाच तयार होत नाहीत हो!” हे पालुपद मी पुष्कळ पुरुषांच्या तोंडून ऐकले आहे, आणि मी स्वतः ते आळवले आहे. ते साफ खोटे आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, तीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गावांत तपासणीसाठी बोलावणे गेले, तिथल्या शंभरातल्या जवळजवळ ऐंशी जणी आल्या. शेतात राबणाऱ्या, नऊवारी नेसणाऱ्या आमच्याच आयाबहिणी! आणि विषाणूची तपासणी एकदाच केली तरी, जिथे ती केली तिथे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. नीट समजावून सांगणारे माणूस भेटले की बाई येते. अडते ते सांगणाऱ्याचे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि शरीराविषयी स्वच्छ मराठीत लिहिले, तर आपण त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले. ते खटले आता इतिहासजमा झाले, पण खटला भरणारे आपल्या घराघरांत अजून बसले आहेत. त्यांत मी होतो.

एक आक्षेप मात्र मी मान देऊन ऐकतो. ‘परक्या माणसांसमोर बाईने असे पडावे, त्या कळा सोसाव्या, ही विटंबना नव्हे काय?’ होय, विटंबना होऊ शकते. धड भूल न देता, दार उघडे टाकून, तिच्याशी एक शब्दही न बोलता हे उरकले तर ती विटंबनाच. पण म्हणून उपचार टाकायचा नसतो, वागणूक सुधारायची असते. तेव्हा मागा! पुरेशी भूल मागा. आडोसा मागा. सोबतीला एक स्त्री कर्मचारी मागा. नळ्या कुठे बसणार आणि पुढे काय त्रास होऊ शकतो, हे आधी सांगा म्हणावे. योनिमार्ग आकसतो, त्यावर उपाय असतो; तोही दोघा नवरा-बायकोला समोर बसवून सांगा म्हणावे. हे मागणे निर्लज्जपणाचे नाही. डॉक्टरांनाही माझे सांगणे आहे की खाटेजवळून जाता जाता फेकलेल्या ‘आतला शेक’ या दोन शब्दांनी कोणी समजत नसते. पाच मिनिटे खुर्ची ओढून बसा.

आणखी एक नवी कुजबूज ऐकू येते. हा रोग एका विषाणूमुळे होतो व तो शरीरसंबंधातून येतो, हे शास्त्राने सांगितल्यापासून काही शहाण्यांनी त्यातून बाईचे चारित्र्य काढले आहे. हा शुद्ध नीचपणा आहे. तो विषाणू बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघून जातो. काहींच्या अंगात मुक्काम करतो. एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो गाठू शकतो. कॅन्सर स्वतः कोणाला लागत नाही. तिचे ताट वेगळे मांडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

२०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात आपल्या देशात सव्वा लाखाहून अधिक बायकांना हा रोग झाला आणि ऐंशी हजारांच्या आसपास बायका त्याने गेल्या. त्यांतल्या किती जणींना कोणीतरी ‘ते डॉक्टर सांगतील’ म्हणाले असेल?

ज्यांच्या घरी आज असा उपचार चालू आहे, त्यांना हात जोडून विनंती आहे. दिवाळी रुग्णालयाच्या ओसरीवर करा, पण आतला उपचार पुरा झाल्यावाचून तिला घरी आणू नका. दिवाळी पुढच्या वर्षी पुन्हा येते.

गेल्या भाऊबीजेला धाकट्या बहिणीने मला ओवाळले. सगळी मंडळी बसली होती. ओवाळणी तबकात टाकून मी तिला विचारले, “पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घेतलीस का?” कोणी ताटाकडे पाहू लागले, कोणी छताकडे. दादा उठून ओटीवर गेला. ती म्हणाली, “नाही केली.” आठ दिवसांनी ती तपासणीला गेली. सोबत दादा गेला होता.