गर्दीत तापणारे इंजिन

जयपूरहून सीकरकडे निघाले की तीसेक किलोमीटरवर चौमूं लागते. फाल्गुन शुद्ध एकादशीच्या सुमारास खाटू श्यामजीच्या जत्रेला निघालेले पायी यात्रेकरू, ट्रॅक्टर, जीपा आणि बसगाड्या याच वाटेने जातात. मेळा नसला तरी बाजाराच्या वेळी गावातून मोटरसायकल चालीच्या वेगानेच काढावी लागते. मे महिन्यात त्या भागात पारा 40 अंशांच्या वर असतो. पाचदहा मिनिटांत मांड्यांना धग जाणवते, गाडी न्यूट्रलमध्ये पडेनाशी होते आणि चालवणारा गाडीलाच बोल लावू लागतो.

दोष बहुधा गाडीचा नसतो. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने पाव हिस्साच चाक फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली काही सायलेन्सरवाटे जाते आणि काही सिलिंडरभोवतीच्या पातळ पाकळ्यांतून, म्हणजे फिन्समधून, हवेत जाते. हवा मिळते ती गाडी पळत असेल तरच. जुन्या बजाज चेतकचे इंजिन पत्र्याच्या आवरणात बंद असूनही गर्दीत निभावून जाई, कारण त्याच्या फ्लायव्हीलवरच पंखा होता. साध्या मोटरसायकलला तो नाही. जुन्या बुलेटचा बिडाचा सिलिंडर तापायला वेळ घेतो खरा, पण निवायलाही तेवढाच घेतो.

गर्दीत उष्णता वाढवण्याचे सर्वांत मोठे काम मात्र चालवणाराच करतो, हाफ क्लच धरून. क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घासत राहतात. बहुतेक मोटरसायकलींमध्ये त्या इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, म्हणजे त्यांची उष्णताही त्याच ऑइलला सोसावी लागते. 100 सी.सी.च्या गाडीत ऑइल असते जेमतेम लिटरभर. ते तापून पातळ होते, क्लच नीट सुटत नाही, म्हणून न्यूट्रल सापडत नाही. पुढच्या वाहनाला चिकटून वीतवीत सरकण्यापेक्षा थोडे अंतर पडू द्यावे, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून तेवढे अंतर सलग जावे. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्यावा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचे दिसले तर इंजिन बंद करावे. थांबल्या जागी उगाच अॅक्सिलरेटर पिळण्याने काहीच साधत नाही.

ऑइलची पातळी आठवड्यातून एकदा पाहावी, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून. ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत दिलेलीच घ्यावी, दुकानदार सांगेल ती नव्हे. फिन्समध्ये बसलेली रेती आणि चिखल इंजिन थंड असताना ब्रशने काढावा. लेगगार्डला भाजीच्या पिशव्या अडकवण्याची सवय तर घरोघरी आहे, त्या पिशव्या इंजिनची हवाच अडवतात. एवढे करूनही गाडी तापत असेल, ओढ कमी झाली असेल किंवा इंजिनमधून खटखट येत असेल तर टॅपेट, प्लग आणि मिश्रण मेकॅनिककडून तपासून घ्यावे. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांमध्ये मिश्रणाचे काम संगणक करतो, तिथे रस्त्यावरच्या स्क्रूड्रायव्हरचे काम नाही. रेडिएटर असलेल्या गाडीचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये, आतले उकळते पाणी तोंडावर उडते.

तापलेल्या इंजिनवर बादलीभर पाणी ओतणारे तर प्रत्येक चौकात भेटतात. एकाएकी थंड झालेला धातू आकसतो, त्याला तडा जाऊ शकतो. सावलीत वीस मिनिटे उभी ठेवलेली गाडी आपोआप निवते. तेवढ्यात उसाचा रस पिऊन होतो.

खरी काळजी घ्यायची ती मागे बसणाऱ्यांची. सायलेन्सर बहुधा उजव्या बाजूला असतो. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईचे पाय डावीकडे असल्याने ती वाचते, पण दोन्हीकडे पाय टाकून बसलेले मूल घाईत उजवीकडून उतरले की पोटरी भाजते. मुलांना डावीकडूनच उतरायला शिकवावे. भाजलेच तर तो भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, बर्फ लावू नये. सूज येण्याआधी पैंजण काढून घ्यावेत. टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये आणि फोड फोडू नये. चट्टा मुलाच्या तळहाताएवढा किंवा मोठा असेल, तर पाण्याखालून काढून स्वच्छ कपडा सैल गुंडाळावा आणि थेट डॉक्टरकडे न्यावे.