तंबू ठोकण्याआधी

सुट्टी जवळ आली की मुलांचा एकच हट्ट असतो : या वेळी हॉटेल नको, तंबूत राहायचं! मोबाइलवर तळ्याकाठचे रंगीत तंबू आणि दिव्यांच्या माळा बघून मोठ्यांनाही मोह पडतो. फोटो दिवसाचा असतो, मुक्काम मात्र रात्रीचा. म्हणून जागा ठरवताना रात्र डोळ्यांसमोर आणावी. रात्री दोन वाजता घरातल्या दादींना बाथरूमला जायचं झालं, तर वाट कशी असेल? अचानक वीज कडाडली, तर लेकरांना घेऊन कुठे जाल? ही उत्तरं आधी मिळाली की मग खुशाल निघावं.

आपल्याकडे अशा मुक्कामासाठी भंडारदऱ्याचा परिसर बऱ्याच कुटुंबांच्या पसंतीचा. घोटीहून साधारण 35 किलोमीटरवर, अकोले तालुक्यात. प्रवरा नदीवरचं विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाच्या बाजूने शेंडी, मुरशेत, रतनवाडी ही गावं आहेत. जवळच 1646 मीटर उंचीचं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. या भागात तंबूंचे पुष्कळ मुक्काम आहेत. काही गावकऱ्यांचे स्वतःचे, काही शहरातल्या लोकांनी जागा भाड्याने घेऊन चालवलेले. माझा कल गावकऱ्यांकडे असतो. पैसे गावात राहतात हे तर आहेच, शिवाय अडचणीच्या वेळी मदतीला माणूस आणि पक्कं घर जवळ असतं.

पाण्यापासून किती लांब? अगदी काठावरचा तंबू सर्वांत महाग आणि लहान मुलांसाठी सर्वांत वाईट. धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकतं, तेव्हा काठावर गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, पण पाय आत रुततो. काही ठिकाणी दोन पावलांवर एकदम खोली लागते. तंबू काठापासून लांब, चढावर हवा, आणि तंबू ते पाणी या वाटेवर एक मोठं माणूस कायम हवं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तर तंबू कधीच नको. पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो. तुमच्या डोक्यावर आभाळ स्वच्छ असलं तरीही.

वीज आली तर? मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत या भागात काजवे चमकतात आणि त्यासाठीच गर्दी लोटते. पण वळवाच्या पावसाचे आणि विजांचे दिवसही हेच. तंबूचं कापड विजेपासून वाचवत नाही. वीज चमकल्यावर 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर लगेच पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या चारचाकीत जावं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावं. एकट्या उंच झाडाखाली उभं राहू नये. म्हणून फोनवरच विचारा : सगळ्या पाहुण्यांना सामावेल असं पक्कं छप्पर आहे का? उत्तर ‘बघू’ असं आलं, तर दुसरी जागा बघावी.

शेकोटी कुठे? हिवाळ्यात इथली थंडी हाडात शिरते. मग कुणीतरी निखाऱ्यांची शेगडी तंबूत आणून ठेवतं. हे कधीही करू नका. बंद जागेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच तो जीव घेतो. तंबूची चेन थोडी उघडी ठेवली म्हणून धोका टळत नाही. शेकोटी बाहेर, तंबूंपासून लांब, आणि निजण्याआधी पाणी ओतून पूर्ण विझवलेली हवी. ऊब हवी असेल तर घरून एक जादा रजई न्यावी.

बाथरूम किती, पाणी कुठून? हा प्रश्न विचारायला आपण उगीच लाजतो. किती तंबूंमागे किती बाथरूम, बायकांसाठी वेगळं आहे का, आतून कडी लागते का, वाटेवर दिवा आहे का, हे स्पष्ट विचारावं. नळाला पाणी असेल तर वुजूची चिंता मिटते. उन्हाळ्यात मात्र या डोंगराळ गावांत पाण्याची ओढ असते. धरण शेजारी असलं तरी गावातल्या बाईच्या डोक्यावर हंडा असतोच. तेव्हा पाणी जपून वापरावं आणि मुलांनाही तसं सांगावं.

शेजारी कोण? ‘फॅमिली कॅम्प’ अशी पाटी पुरेशी नसते. त्या रात्री आणखी कोण उतरणार आहे, गाणी किती वाजेपर्यंत वाजतात, दारू चालते का, हे तीन प्रश्न थेट विचारावेत. जाणकार चालक वाईट वाटून घेत नाही, उलट कुटुंबांचे तंबू एका बाजूला लावून देतो. शक्यतो शनिवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं.

जेवण काय? हलालची खात्री नसेल तिथे सरळ शाकाहारी जेवण सांगावं. चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वरण-भात समोर आल्यावर मुलंही तक्रार करत नाहीत.

दवाखाना किती लांब? साप आणि विंचू डोंगरात असणारच. तंबूची चेन कायम बंद, बूट झटकून घालणं आणि रात्री टॉर्चशिवाय पाऊल न टाकणं, एवढे तीन नियम मुलांकडून पाठ करून घ्यावेत. सर्पदंशावरचं औषध सर्वांत जवळ कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळतं, हे निघण्याआधीच विचारून कागदावर लिहावं. मोबाइलला रेंज नसेल तर 108 ला फोन कुठून लागतो, तेही विचारावं.

हल्ली झोपण्याची सोय असलेली कॅराव्हान गाडीही भाड्याने मिळते. राज्य सरकारने त्यासाठी 2021 मध्ये धोरणही आणलं. वृद्धांना ती सोयीची, कारण पलंग आणि बाथरूम सोबत असतं. पण ती उभी करायला सपाट आणि टणक जमीन लागते, वीज आणि पाणी भरण्याची सोय लागते, आणि सांडपाणी टाकायची ठरलेली जागा लागते. घाटातली वळणं आणि गावातला अरुंद रस्ता आधी विचारून घ्यावा.

आणि काजवे बघायला जाणार असाल, तर एक विनंती. चमकणं ही त्यांची जोडीदाराला दिलेली हाक असते. गाडीच्या हेडलाइटमध्ये आणि मोबाइलच्या उजेडात ती हाक हरवते. ज्या मुक्कामावर झाडांनाच दिव्यांच्या माळा लावल्यात, तिथे काजवे कसे दिसणार? अंधार राखणारी जागा निवडावी आणि मुलांना काजवे बाटलीत भरू देऊ नयेत.

इतकं विचारूनही मनासारखी जागा मिळाली नाही, तर गावातल्या घरात एक पक्की खोली घ्यावी आणि अंगणात मुलांना तंबू ठोकून द्यावा. हट्टही पुरा होतो आणि आई-बाबांना झोपही लागते.