पट कोणी घटविला?

२०२४ सालच्या ५ सप्टेंबरला, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनी, महाराष्ट्र शासनाने एक निर्णय काढला. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळेतील दोन शिक्षकांपैकी एक यापुढे कंत्राटी असेल. एखादा निवृत्त शिक्षक किंवा डी.एड., बी.एड. झालेला बेकार तरुण महिना १५,००० रुपयांवर नेमला जाईल, असा त्याचा आशय होता. संतापाची चाहूल लागताच पटाची मर्यादा दहावर आणण्यात आली. २५ सप्टेंबरला राज्यभरचे प्राथमिक शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर उतरले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो निर्णयच रद्द करावा लागला. संघटित शक्तीचा हा विजय होय. परंतु शासनाने निर्णय मागे घेतला आहे, धोरण नव्हे, ही गोष्ट विजयाच्या घोषणांत विसरली जाता कामा नये.

या धोरणाची साखळी जुनी आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि प्राथमिक शाळेत शिकविणाऱ्या माणसाची किंमत महिना ३,००० रुपये ठरली. ते मानधन १६,००० होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. २००१ साली ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्दप्रयोग जन्माला आला. २००९ साली त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळला गेला, पण अनुदानाच्या टप्प्यांसाठी शिक्षकांना आझाद मैदान वर्षानुवर्षे झिजवावे लागले. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने शाळा काढणे हा पैसेवाल्यांचा उद्योग बनला. २०२३ साली राज्यातील वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याची टूम निघाली. प्रत्येक कडी सुटी पाहिली तर प्रशासकीय सोय वाटते. सर्व कड्या जोडल्या की सार्वजनिक शाळेच्या गळ्याभोवतीचा फास दिसू लागतो.

शासनाचा युक्तिवाद सोपा आहे: पटच नाही, मग शिक्षक कशाला? हा युक्तिवाद तपासण्यास बारामती आणि इंदापूर या तालुक्यांइतके योग्य स्थळ नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखालील भागात माणसे गावठाण सोडून आपापल्या रानात राहावयास गेली. एकेका गावाच्या पाच-सात वस्त्या झाल्या. तिकडे सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात वस्ती मुळातच विरळ. उजनीच्या फुगवट्याने इंदापूरची गावे गिळली, जुने पळसदेव पाण्यात गेले, आणि काठाकाठाने विस्थापितांची व मासेमारी करणाऱ्यांची नवी घरे उभी राहिली. अशा भूगोलात शाळा लहान असणे हा दोष नव्हे. लहान शाळा हीच तेथील गरज आहे. सात वर्षांच्या मुलीने दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर धावणारा रस्ता ओलांडून किंवा पुणे-सोलापूर महामार्ग पार करून ‘समूह शाळे’त जावे, असे सुचविणाऱ्याने तो रस्ता हंगामात एकदा पायी चालून पाहावा. बस देऊ, असे सांगितले जाते. बस बंद पडेल त्या दिवशी प्रथम मुलीचेच नाव पटावरून उतरेल, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

आणि हा पट तरी मोजला कसा जातो? शिक्षकांची पदे ठरविणाऱ्या संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरची संख्या धरण्याची पद्धत रूढ आहे. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचे कारखाने पेटतात त्यानंतर. बीड-नगरकडच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे फडात उतरतात. कोयत्याबरोबर लेकरेही येतात. म्हणजे जानेवारीत जी मुले या तालुक्यांच्या शाळांत बसली पाहिजेत, ती मोजणीच्या दिवशी येथे नसतात, आणि जेथे मोजली जातात तेथे ती हंगामभर नसतात. त्यातच आधार कार्डाची नोंद वैध नसेल तर मूल समोर बसलेले असूनही हिशेबात येत नाही. ज्याच्या बापाच्या घामावर साखरेचे पोते भरते, त्याचे मूल शासनाच्या वहीत शून्य आहे! या शून्यांची बेरीज करून शाळा ‘अनुत्पादक’ ठरविणे याला हिशेब म्हणत नाहीत. ही अफरातफर आहे.

शासनाच्या हेतूविषयी कोणास अजून शंका असेल तर त्याने २०२४ च्या फेब्रुवारीतील दुरुस्ती आठवावी. शिक्षणहक्क कायद्यानुसार खाजगी शाळांनी २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांस द्यावयाच्या असतात. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेस त्यातून सूट, असा नियम शासनाने केला. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला नाही. पण त्यातील तर्क पाहण्याजोगा आहे. गरिबाच्या मुलाने श्रीमंतांच्या शाळेत येऊ नये म्हणून जवळची सरकारी शाळा पुरेशी ठरते. आणि तीच शाळा चालविण्याची वेळ आली की ती परवडत नाही! या दोन्ही भूमिका एकाच वर्षाच्या आत एकाच शासनाने घेतल्या.

लहान शाळेत दर्जा राहात नाही, असा आक्षेप काही प्रामाणिक माणसेही घेतात. त्यास उत्तर दिलेच पाहिजे. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळावयाचे, त्यातील एकाने मतदारयाद्या आणि माहितीचे तक्ते भरावयाचे, मग दर्जा कोठून येणार? साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, हे शिक्षणहक्क कायद्याचे परिशिष्ट सांगते. ही किमान मर्यादा आहे. तिला चैन मानून तीतही कपात करावयाची, मग पालक मूल काढून पिवळ्या बसमध्ये बसवितात म्हणून त्यालाच दोष द्यावयाचा. पट आपोआप घटला नाही. तो घटविण्यात आला.

पैसा नाही, ही सबब तर सर्वांत लाजिरवाणी. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे सांगितले की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने शिक्षणासाठी उपकर बसला. उसासारख्या नगदी पिकांखालील जमिनीही त्यातून सुटल्या नाहीत. म्हणजे वस्तीवरच्या शाळेची किंमत बागाईतदाराने आणि ऊसतोडणी मजुराने आधीच मोजलेली आहे. ज्या बारामतीने राज्याला मुख्यमंत्री दिला आणि अर्थमंत्रीही दिला, त्या बारामतीच्या वस्त्यांना तरी पैशाचा अभाव ऐकविला जाऊ नये. कोठारी आयोगाने १९६६ साली सहा टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले. २०२० चे राष्ट्रीय धोरणही तेच पुन्हा लिहिते. आकडा लिहावयाचा आणि पूर्ण करावयाचा नाही, ही परंपरा मात्र अखंड चालू आहे.

कंत्राटी शिक्षकाचा निर्णय निघाला तेव्हा पुणे जिल्हा परिषदेवर लोकनियुक्त सभासद नव्हते. २०२२ च्या मार्चपासून प्रशासकाचा कारभार होता. शाळा जिची, तिची सभागृहेच बंद. प्रश्न विचारणारे कोणी नसताना असे निर्णय निघावेत, हा योगायोग मानण्याचा भोळेपणा चळवळीला परवडणारा नाही.

शिक्षक संघटनांनाही एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. बदल्या, वेतन आणि जुनी पेन्शन या मागण्या न्याय्य आहेत. पण पालक सोबत नसेल तर मोर्चा कितीही मोठा निघाला तरी तो पगारदारांचा मोर्चा म्हणून हिणविला जाईल. स्वतःची मुले इंग्रजी शाळेत पाठवून वस्तीवरची शाळा वाचविण्याचे आवाहन करणाऱ्याचा शब्द वस्तीवर कोणी मनावर घेत नाही.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत; त्या समित्या कागदावरून जमिनीवर आणाव्यात. ग्रामसभांत ठराव करावेत की एकही शाळा बंद अथवा विलीन होणार नाही. हंगाम सुरू झाल्यावर फडांवर आणि अड्ड्यांवर जाऊन मुलांची दुसरी मोजणी करावी, ती गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावी आणि त्या मुलांसाठी पदे मागावीत. ३० सप्टेंबरला जे मूल दिसले नाही, ते डिसेंबरात दाखवून देणे हे आंदोलनाचे पहिले पाऊल आहे. शासन पटाचीच भाषा बोलते. तिला खऱ्या पटानेच उत्तर दिले पाहिजे.