दहा नंबरची जर्सी

गेल्या महिन्यात पेणहून रोह्याला गेलो होतो. तिथे माझ्या धाकट्या भावाचं घर. भाऊ पंधरा वर्षं कुवेतला, घरी भावजय, दोन मुली आणि दहावीतला मुलगा. अंगणात दोरीवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी वाळत होती, पाठीवर दहाचा आकडा. घरात मात्र वातावरण तापलेलं.

“भाईजान, आता तुम्हीच समजवा याला,” पाण्याचा ग्लास पुढे करत भावजय म्हणाली. “सहामाहीत गणितात एकोणीस मार्क. आणि हे साहेब असरची नमाज झाली की मैदानावर. मगरीबची अजान झाली तरी घराकडे पाय वळत नाहीत.”

भावानेही कुवेतहून आवाजी निरोप पाठवला होता. दोनच वाक्यं. “बॉल बंद. दहावी होईपर्यंत बूट कपाटात.”

ते ऐकलं आणि माझ्या पोटात कालवलं. का, ते पुढे सांगतो.

पुतण्या कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर त्यानेच विचारलं, “बडे अब्बा, तुम्ही मॅराडोनाला खेळताना पाहिलंय?”

पाहिलंय. २९ जून १९८६ ची रात्र. मोहल्ल्यात मोजक्याच घरी टीव्ही. मेक्सिकोत भर दुपार, आपल्याकडे साडेअकरा वाजून गेलेले. वर्ल्ड कपची फायनल, अर्जेंटिना आणि पश्चिम जर्मनी. त्याआधी इंग्लंडविरुद्ध त्याने एक गोल हाताने केला होता, आणि चारच मिनिटांनी निम्म्या मैदानापासून एकट्याने चेंडू नेत दुसरा. पहिला गोल खोटा होता, तो कितीही मोठा खेळाडू असला तरी. दुसऱ्यासारखा मात्र जगाने क्वचितच पाहिला.

पण माझ्या लक्षात राहिली ती फायनल. जर्मनीचे खेळाडू त्याला सोडत नव्हते आणि त्याला एकही गोल करता आला नाही. दोन-दोन बरोबरी झालेली, सहाच मिनिटं उरलेली. तो पुन्हा घेरला गेला आणि त्याने चेंडू पुढे धावणाऱ्या बुरुचागाला देऊन टाकला. गोल झाला, अर्जेंटिनाने कप जिंकला.

“आणि नंतर?” पुतण्याने विचारलं.

नंतरचंही सांगितलं, कारण अर्धी गोष्ट सांगणं बरं नाही. ब्यूनस आयर्सजवळच्या गरीब वस्तीतला हा मुलगा सोळा पूर्ण व्हायच्या आधीच व्यावसायिक संघाकडून उतरला. इटलीच्या नापोलीला त्याने १९८७ आणि १९९० अशी दोनदा लीग जिंकून दिली. पण कोकेनच्या नशेने त्याला धरलं. १९९१ मध्ये पंधरा महिन्यांची बंदी, १९९४ च्या वर्ल्ड कपमधून अर्ध्यावर घरी रवानगी, आणि २०२० मध्ये साठाव्या वर्षी मृत्यू. टाळ्या वाजवणारे लाखो होते. हात धरून थांबवणारं कोणी असलंच, तर त्याचं त्याने ऐकलं नाही.

मग मी उलट विचारलं, “नेव्हिल डिसूझा माहीत आहे?”

नाही म्हणाला. त्याचा दोष नाही. आपल्यापैकी तरी किती जणांना माहीत आहे?

नेव्हिलचा जन्म १९३२ चा, गोव्यातल्या आसगावचा. खेळला मुंबईत. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत यजमान ऑस्ट्रेलियाशी भिडला. त्या सामन्यात नेव्हिलने एकट्याने तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारत ४-२ ने जिंकला आणि उपांत्य फेरीत पोहोचला. तिथवर त्याआधी आशियातला कोणताच देश गेला नव्हता. युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल नेव्हिलचाच. तो सामना आपण ४-१ ने हरलो, पण चार गोलांसह नेव्हिल त्या ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरला.

आता त्याच्या मागे कोण होतं ते पाहा. याच युगोस्लाव्हियाने १९५२ मध्ये हेलसिंकीला आपल्याला १०-१ असं लोळवलं होतं. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. त्यानंतरच्या चार वर्षांत संघ उभा केला तो हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांनी. रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर. उजव्या पायाच्या मुलांना डाव्या पायाने खेळायला लावायचे, कच्चा पाय पक्का व्हावा म्हणून. १९६२ च्या जकार्ता एशियाडला त्यांच्या फुप्फुसात कर्करोग होता. तशा अवस्थेत त्यांनी संघाला सुवर्णपदक मिळवून दिलं आणि पुढच्या जूनमध्ये ते अल्लाहला प्यारे झाले. २०२४ मध्ये आलेला ‘मैदान’ हा सिनेमा त्यांच्यावरचाच.

दुसरी गोष्ट पोटाची. त्या काळी मुंबईत टाटा, कॅल्टेक्स अशा कंपन्यांचे स्वतःचे संघ असत. नेव्हिल या संघांतून खेळला. खेळाडूला कंपनीत नोकरी असायची, त्यामुळे महिन्याचा पगार आणि संध्याकाळचं मैदान एकाच ठिकाणाहून मिळे. घरच्यांना ‘याचं पुढे काय होणार’ म्हणून रात्री जागावं लागत नसे.

म्हणजे पायातली कला अल्लाहची देणगी, हे खरं. पण ती टिकते ती शिकवणाऱ्याच्या, जोडीदाराच्या आणि पोटाची सोय पाहणाऱ्याच्या आधाराने. आपण मुलाला दहा नंबरची जर्सी घेऊन देतो, ईदीतून बूटही देतो. त्यापुढचं काही पाहत नाही. मग मार्क कमी पडले की एका दिवसात सगळं बंद.

पाहिलं तर वाटा आहेत. शाळांसाठी सुब्रतो कप आहे, तालुक्यापासून वर जाणारा. सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. वरच्या पातळीवर खेळणाऱ्या मुलांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. सगळीच मुलं तिथवर पोहोचणार नाहीत, बहुतेक नाहीच. पण शाळेतल्या खेळाच्या सरांना एकदा भेटून ‘आमचा मुलगा खरंच कसा खेळतो’ एवढं तरी विचारावं की नाही? आमच्या घरातून आजवर कोणी विचारलं नव्हतं.

आता माझी गोष्ट. १९८६ च्या त्या रात्री माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता, माझ्या मांडीवर बसून त्याने फायनल पाहिली. पुढे तो भातकापणी झालेल्या शेतांत असा खेळायचा की मोठी माणसं बांधावर थांबून बघत. अब्बा तोवर गेले होते, घर माझ्यावर होतं. तो दहावीत नापास होईल या भीतीने मी एके दिवशी त्याचे बूट भंगारवाल्याला देऊन टाकले. त्याला न विचारता. तो पास झाला, धाटावच्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागला आणि मग कुवेतला गेला. मला एका शब्दाने बोलला नाही, पण पुन्हा कधी चेंडूला पायही लावला नाही. आज त्याच्या मुलाला जे वाक्य ऐकवलं गेलं, ते माझंच होतं.

त्या रात्री इशानंतर मी त्याला फोन लावला आणि हे सगळं बोललो. माफीही मागितली, तीस वर्षं उशिरा. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “भाई, पण गणितात एकोणीस मार्क आहेत त्याला.”

“आहेत,” मी म्हटलं. “त्याचीही सोय करू.”

शेवटी असं ठरलं. फजरनंतर एक तास गणित. आठवड्यातून चार दिवस मैदान, मगरीबच्या आत घरी. शिकवणी चुकली तर त्या आठवड्यात खेळ नाही. आणि शाळेतल्या सरांना मी स्वतः भेटायचं.

परवा भेटलो. सर म्हणाले, “मुलगा चांगला आहे, पण पास देत नाही. सगळं एकट्यानेच करायला बघतो.”

घरी येऊन पुतण्याला सांगितलं. थोडा रुसला. मग मी त्याला पुन्हा बुरुचागाची गोष्ट सांगितली.