मीठ जातं कुठे?

"झिरो लिक्विड डिस्चार्ज" हे शब्द हल्ली कुणीही तोंडावर फेकतो. सांडपाणी शून्य, प्रदूषण शून्य, झालं! पण मंडळी, पाणी उडून जातं, मीठ उडत नाही.

आमचा गोंदिया तलावांचा नि भाताचा जिल्हा. इथे खाऱ्या सांडपाण्याचा काय संबंध? तर संबंध तिरोड्याच्या ३३०० मेगावॅटच्या वीज केंद्राचा. कोळशावरच्या अशा कुठल्याही केंद्रात कूलिंग टॉवरमधून वाफ उडते आणि क्षार मागे उरतात. ते पाणी अधूनमधून काढावंच लागतं. आरओ लावून त्यातलं ८० टक्के परत मिळवलं, की उरलेल्या २० टक्क्यांत क्षार जवळपास पाचपट. म्हणजे जेवढं पाणी वाचवाल, तेवढं उरलेलं खारट! एका हद्दीनंतर आरओही हात टेकतं.

मग म्हणे, उन्हात तळी करून आटवा. कच्छात करा की! इथल्या पावसात ते तळं श्रावणातच काठ ओलांडून बांधीत शिरेल. बरं, भट्टीवर आटवावं? एक घनमीटर पाणी नुसतं उकळून आटवायला ६०० युनिटहून जास्त उष्णता. वाफ पुन्हा वापरणारी यंत्रं हा खर्च खूपच खाली आणतात, पण त्यांनाही वीज हवी. ती कोळशाचीच असेल तर याला शाश्वत म्हणायचं?

मार्ग नाहीत असं नाही. राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००९ साली उत्तर चेन्नईच्या वीज केंद्रात कंडेन्सरच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करून दाखवलं. २०११ साली उच्च न्यायालयाने तिरुपूरचे रंगाई कारखाने बंद केले, तेव्हा कुठे तिथे मिठाचं पाणी पुन्हा रंगाईत वापरायची सोय नेटाने झाली. मिसळलेल्या क्षारांचे ढीग मात्र तिथेही उरलेच.

केंद्राच्या २०१५ च्या नियमाने जुन्या वीज केंद्रांना पाण्याची मर्यादा घातली, पण शून्य सांडपाण्याची सक्ती २०१७ नंतरच्यांनाच. तिरोड्याचे संच त्याआधीचे. मी आरोप करत नाही, हिशेब मागतोय. पाण्याचा नको, मिठाचा. किती टन क्षार आत आले, किती बाहेर गेले, उरलेले कुठे ठेवले? दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. वैनगंगा इथून पुढे गोसेखुर्दला जाते, आणि तिथून कालव्याने शेतात. एकदा जमीन खारावली की ती गोडी करायला पिढी जाते.

तोवर ते "शून्य" मला सांगू नका.