ध्वनियंत्रे आणि तिसरी पिन

मृगाचा पहिला गडगडाट ऐकू आला, की सुरतेत घरातील ॲम्प्लिफायरची काळजी करण्याचे दिवस येतात. पुष्कळ गृहस्थ स्टॅबिलायझर बसवून निश्चिंत असतात. ती निश्चिंती फसवी आहे. स्टॅबिलायझर २३० व्होल्टांच्या आसपासचा चढउतार सावरतो. जवळपास वीज पडली, अथवा उधन्याकडील एखाद्या मागाची मोटर बंद पडली, की तारेतून येणारा धक्का सेकंदाच्या काही लक्षांश भागापुरताच टिकतो. मात्र विजेचा धक्का हजारो व्होल्टांचा असू शकतो. तेवढ्या अवधीत स्टॅबिलायझरमधील रिले जागासुद्धा होत नाही.

त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर. त्याच्या पोटात झिंक ऑक्साइडची लहानशी चकती असते. एरवी ती जणू निजलेली असते. दाब वाढताच वाहक बनून धक्का परस्पर वळविते. प्रत्येक आघातासरशी ती थोडी झिजते. म्हणून पट्टीवरील संरक्षणाचा दिवा विझला असता, गाणे चालू असले तरी पट्टी बदलावी.

परंतु अर्थिंग नसेल, तर हे संरक्षण अर्धेच उरते. जुन्या शेऱ्यांतील काही घरांत दोनच तारा फिरविलेल्या आहेत. सॉकेटचे वरचे मोठे भोक केवळ शोभेचे. वायरमनकडून ते एकदा तपासून घ्यावे. याहून वाईट खोड आहे ती काही संगीतशौकिनांची. स्पीकरमधील घूंघूं थांबावी म्हणून ते तिसरी पिनच काढून टाकतात! यंत्राच्या धातूच्या पेटीत वीज उतरली, तर जिवावर बेतेल. ही घूंघूं बहुधा दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे उद्भवते. सर्व यंत्रे एकाच पट्टीवर जोडली, की ती बरीच ओसरते.

आजीच्या ओव्या ज्या कॅसेटवर आहेत, ती वाजविणाऱ्या डेकचे सुटे भाग आता सहजी मिळत नाहीत. तेव्हा त्यावर दोनशे-चारशे रुपये वाचविण्यात अर्थ नाही.

वीज घरावरच कोसळली, तर कोणतीही पट्टी टिकाव धरणार नाही. आभाळ भरून येताच, गडगडाट डोक्यावर येण्यापूर्वी, प्लग काढावेत. टीव्हीला आलेली केबलची किंवा छत्रीची तारही सोडवावी. कारण टीव्ही ॲम्प्लिफायरला जोडलेला असेल, तर धक्का त्या वाटेनेही आत शिरतो.